हिशेबाची वही आणि आपलं चारित्र्य

(पंचायतीतल्या सदस्य बायका आणि गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



काल गटचर्चेत एका सरपंचताईंनी सांगितलं, "निवडून आल्यावर माझ्यावर पहिला आरोप कसला झाला माहीत आहे? मी ग्रामसेवकाच्या गाडीवर मागे बसून तालुक्याला गेले! पंचायतीच्या पैशाचं काय केलं, हे मात्र मला आजवर कुणी विचारलं नाही." आपण सगळ्या हसलो. रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना.

पुढाऱ्याचं चारित्र्य म्हटलं की लोक पुरुषाच्या बाबतीत विचारतात, त्यानं पैसे खाल्ले का, शब्द पाळला का? बाईच्या बाबतीत विचारतात, ती कुणाबरोबर गेली, किती वाजता परतली? शब्द एकच, अर्थ दोन. आपणही नकळत हाच अर्थ उचलतो आणि सगळी ताकद 'मी तशी नाही' हे सिद्ध करण्यात घालवतो. ज्याबद्दल आपण खरंच उत्तर द्यायला बांधील आहोत, तो हिशेब, तो शब्द, तो ठराव बाजूलाच राहतो.

राजस्थानातल्या भटेरी गावच्या भंवरीदेवींचं नाव तुम्ही ऐकलं असेल. सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात त्या साथिन होत्या. मानधन तुटपुंजं, काम मात्र गावाचा रोष ओढवून घेणारं. १९९२ साली वरून बालविवाह रोखायचा आदेश आला. गावातल्या वजनदार घरात तान्ह्या मुलीचं लग्न ठरलेलं होतं. 'समजावलं, ऐकलं नाहीत' असा अहवाल लिहून त्यांना मोकळं होता आलं असतं. त्यांनी तसं केलं नाही, लग्न थांबवण्याचा प्रयत्न केला. गावानं त्यांच्यावर बहिष्कार टाकला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ साली खालच्या कोर्टानं आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडून दिलं. कामात सचोटी दाखवणाऱ्या बाईचाच शब्द खोटा ठरवला गेला. पण भंवरीदेवी मागे हटल्या नाहीत. या घटनेनंतर महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९९७ साली कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दलची विशाखा मार्गदर्शक तत्त्वं आली. पुढे २०१३ साली कायदा झाला.

आता आपल्याकडे या. महाराष्ट्रात १९९० साली स्थानिक संस्थांत बायकांना तीस टक्के जागा मिळाल्या, त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनंतर एक तृतीयांश, २०११ साली निम्म्या. खुर्ची मिळाली. पण सही कुणाची? पंचायतीच्या चेकवर सरपंच आणि ग्रामसेवक अशा दोन सह्या लागतात. किती जणींनी कोऱ्या चेकवर सही केली आहे? हात वर करायला सांगत नाही. आता डिजिटल सही आली. ती चावी तुमच्या पर्समध्ये आहे, नवऱ्याच्या खिशात आहे, की ऑफिसच्या कपाटात? 'मला काय ठाऊक, हे म्हणाले, मी सही केली' हे उत्तर घरात चालेल. चौकशीत चालत नाही. तिथे सही बाईची असते, जाब बाईलाच द्यावा लागतो. न वाचता सही करणं हा साधेपणा नाही, तोही बेइमानीला लावलेला हातभार आहे. हे कडू वाटेल, पण बोललं पाहिजे.

आणि मी काही धुतल्या तांदळासारखी नाही. पंचवीस वर्षांपूर्वी मी आमच्या बचत गटाची खजिनदार होते. पेटी माझ्याच घरी, किल्ली माझ्याच मंगळसूत्राला. आई आजारी पडली तेव्हा मी पेटीतून तीनशे रुपये घेतले आणि आठ दिवसांत परत ठेवले. कुणाला कळलं नाही. पंधरा दिवसांनी गटातली एक बाई मुलाच्या फीसाठी दोनशे रुपये मागायला आली. मी तिला सांगितलं, "बैठकीत ठरल्याशिवाय देता येत नाहीत, नियम आहे." ती निमूट परत गेली. तिची पाठ बघताना मला माझी लाज वाटली.

पुढच्या बैठकीत मी सगळं सांगितलं. वाटलं, पद जाणार. आमच्यातल्या वयस्कर मावशी म्हणाल्या, "पोरी, तू सांगितलंस म्हणून कळलं. नसतं सांगितलंस तर? पेटीला दुसरं कुलूप लाव, त्याची किल्ली दुसरीकडे दे." त्या दिवसापासून पेटी एकीच्या घरी, किल्ल्या दोघींकडे आणि दर बैठकीच्या सुरुवातीला वही मोठ्यानं वाचायची, असं ठरलं. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनाही आकडे पाठ होऊ लागले.

मावशींनी मला शिकवलं ते असं, की प्रामाणिकपणा एकट्या बाईच्या मनाच्या भरवशावर सोडायचा नसतो. चांगल्या बाईलाही अडचण येते. म्हणून तपासण्याचा हक्क सगळ्यांना हवा आणि तपासलं म्हणून रुसायचं नाही.

आणखी एक गोष्ट, ती सगळ्यात अवघड. चूक आपल्यातल्याच कुणाची असते तेव्हा आपण काय करतो? मोर्चात पुढे असणारा कार्यकर्ता घरी बायकोला मारतो. संस्थेतले ज्येष्ठ नव्या मुलीशी नको तसं वागतात. मग 'चळवळीचं नाव खराब होईल, विरोधकांना निमित्त मिळेल' म्हणून तिला गप्प करणाऱ्याही आपणच असतो. सासूही तेच सांगायची ना, घरातलं बाहेर काढू नको म्हणून? त्या सांगण्याविरुद्धच तर आपण उभ्या राहिलो. २०१३ च्या कायद्यानं दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या संस्थेला अंतर्गत समिती नेमावी लागते, सेवाभावी संस्थांनाही. त्याहून लहान जागी तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे नेता येते. तुमच्या संस्थेत समिती आहे का? नावं भिंतीवर लावली आहेत का? दुसऱ्यांच्या ऑफिसवर धडकण्याआधी आपली भिंत बघू या.

परत गेल्यावर तीन कामं करा. कोऱ्या कागदावर, कोऱ्या चेकवर सही करायची नाही, आणि डिजिटल सहीची चावी स्वतःकडे ठेवायची. ग्रामसभेआधीच्या महिला सभेत जमाखर्च मोठ्यानं वाचायला लावायचा. आणि गटात कुणी हिशेब विचारला तर 'माझ्यावर विश्वास नाही का?' हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. वही पुढे करायची.

मग कुणी विचारलं, बाई गाडीवर कुणाच्या मागे बसली होती, तर सांगा, तालुक्याला गेले होते, पाण्याच्या योजनेची फाइल घेऊन आले. ही बघा फाइल, आणि हा खर्च.