शाब्दिक उदाहरणे आणि आपली मुले
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



गणितावर भाषण म्हटले की मागचे बाक रिकामे होतात, हे मला ठाऊक आहे. म्हणून बीजगणितातील शाब्दिक उदाहरणांपुरतेच बोलतो. तयार समीकरण दिले तर आपली मुले ते बिनचूक सोडवतात. तेच समीकरण चार वाक्यांत गुंडाळून दिले की उत्तरपत्रिकेचे पान कोरे!

नववीच्या वर्गात मी एक उदाहरण घातले होते. वडिलांचे वय मुलाच्या वयाच्या तिप्पट आहे. १० वर्षांनी ते दुप्पट होईल. तर दोघांची आजची वये काढा. एका हुशार मुलाने मुलाचे वय क्ष आणि वडिलांचे ३क्ष मानले. इथवर ठीक. पुढे लिहिले, ३क्ष + १० = २क्ष + १०. उत्तर आले क्ष = ०, आणि त्याखाली त्याने ऐटीत दोन रेघा ओढल्या. म्हणजे मुलगा शून्य वर्षांचा आणि बापही शून्य वर्षांचा! वर्ग हसला, मीही हसलो. हसायला नको होते. त्यानंतर तो मुलगा वर्गात हात वर करीना, आणि चाचणीत शाब्दिक उदाहरणे सोडून देऊ लागला. चूक ती केवढी? आधी मुलाच्या वयात १० मिळवायचे, मग त्या साऱ्याची दुप्पट करायची: २(क्ष + १०). कंस घातला की मुलगा १० वर्षांचा, वडील ३० चे. दहा वर्षांनी २० आणि ४०.

दुसरी चूक मात्र आम्हा शिक्षकांची. ‘जास्त’ दिसले की मिळवा, ‘कमी’ दिसले की वजा करा, असे मीही कित्येक वर्षे शिकवले. मग विचारले, ‘सलमाकडे २० रुपये आहेत, ते रझियाच्या रुपयांपेक्षा ५ ने जास्त आहेत. रझियाकडे किती?’ निम्म्या वर्गाने २५ सांगितले. ‘जास्त’ हा शब्द दिसला. कोणाचे जास्त, हे पाहिलेच नाही.

तिसरी चूक मोठ्यांचीही होते. ‘शिक्षकांच्या तीसपट विद्यार्थी आहेत’ हे समीकरणात मांडा म्हटले की मुले शि = ३०वि लिहितात. एका विद्यार्थ्यामागे तीस शिक्षक! आमची चैनच की! १९८० च्या सुमारास अमेरिकेत अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना असाच सहापटीचा प्रश्न घातला, तेव्हा तिघांत एकाहून अधिक चुकले. ‘वि’ म्हणजे विद्यार्थी नव्हे, विद्यार्थ्यांची संख्या. शिक्षक १० धरून पाहिले तर विद्यार्थी ३०० हवेत. मग तीसने कोणाला गुणायचे ते आपोआप कळते.

क्षला भिण्याचे कारण नाही. ज्या ग्रंथावरून ‘अल्जेब्रा’ हे नाव आले, तो अल-ख्वारिज्मी यांनी नवव्या शतकात बगदादमध्ये लिहिला. त्यात क्ष नाही, अधिक-उण्याची चिन्हेही नाहीत, सारे शब्दांत. अज्ञात राशीला ते ‘शै’, म्हणजे चीज, असेही म्हणत. आणि ग्रंथाचा मोठा भाग कसला, तर वारसांमधील वाटणीच्या उदाहरणांचा! शब्द आधी आले, चिन्हे फार नंतर.

पालकांनो, तुम्हाला बीजगणित येत नसले तरी चालेल. घरी कोणी कोकणी बोलतो, कोणी उर्दू. पुस्तकाची मराठी मुलाला परकी वाटते. त्याला पेन्सिल खाली ठेवायला सांगा आणि उदाहरणाची हकीकत घरच्या बोलीत ऐका. कोण मोठा, काय दिले, काय विचारले? हे सांगता आले नाही, तर समीकरण मांडण्याची घाई नको. उत्तर आल्यावर तेच वाक्य पुन्हा वाचून पडताळा घ्यायला लावा.

त्या मुलाला मी शाळा सुटल्यावर बसवू लागलो. परवा त्याला प्रवाहातील नावेचे उदाहरण घातले. उत्तर चुकले, पण मी वही हातात घेण्याआधीच तो म्हणाला, “सर, थांबा. प्रवाहाचा वेग नावेपेक्षा जास्त आलाय. मग नाव उलटी वर कशी जाईल? पुन्हा करतो.”