उंबरठ्यावरचा शब्द



वसंताच्या या संध्याकाळी कायद्याची रुक्ष कलमे कशाला, असे आपणांपैकी काहींना वाटेल. परंतु आजचा विषय आपल्या कात्रपच्या प्रत्येक दाराशी येऊन उभा राहिलेला आहे. कमावती माणसे सकाळच्या लोकलने मुंबईकडे गेली, की दुपारी इमारतींचे जिने विक्रेते चढू लागतात. घरी असतात ती म्हातारी माणसे आणि गृहिणी. सौदा ठरतो तो त्यांच्याशी.

दारावरची विक्री आम्हांस नवी नाही. जुने कपडे घेऊन भांडी देणारी बोहारीण आमच्या आयांनी पाहिली. ती घासाघीस करी, क्वचित फसवीही. पण पुढच्या महिन्यात तिला त्याच आळीत यावयाचे असे. तिचा चेहरा हीच तिची पावती होती. पुढे युरेका फोर्ब्ससारख्या कंपन्या आल्या. १९८२ पासून तिचे विक्रेते घरोघर फिरू लागले. आता वस्तू एका कंपनीची, दुकान फ्रँचायझी घेणाऱ्याचे आणि दारी येणारा मुलगा तिसराच. चेहरा गेला, मग जबाबदारी कोणाची?

आमच्याच घरची गोष्ट सांगतो. पाणी शुद्ध करण्याचे यंत्र विकणारा एक तरुण आला. त्याने एका पेल्यात आमच्या नळाचे पाणी घेतले, दुसऱ्यात स्वतः आणलेले, आणि दोहोंत विजेच्या सळ्या बुडवल्या. आमचा पेला पाहता पाहता तांबूस झाला. घरातील मंडळी घाबरली, पैसे दिले. वास्तविक त्या सळ्यांत लोखंड असते. पाण्यातील क्षारांमुळे वीज वाहते, लोखंडच झिजते आणि रंग येतो. क्षार कमी असलेल्या पाण्यात तो येत नाही. रंग आला म्हणून पाणी दूषित ठरत नाही. आम्ही दुकानी गेलो, तेव्हा मालक शांतपणे म्हणाले, “साहेब, तो मुलगा काय बोलला, त्याला मी काय करू? आणि आता तो आमच्याकडे नाही.”

हे उत्तर कायद्याला चालत नाही, एवढेच आज आम्हांस सांगावयाचे आहे.

आपल्या देशात फ्रँचायझीसाठी निराळा कायदा नाही. मालक आणि कंपनी यांच्यातील करार १८७२ च्या करार कायद्याने चालतो. पण तो करार त्या दोघांचा. त्यात ‘कंपनी जबाबदार नाही’ असे लिहिले, म्हणून गिऱ्हाइकाचा हक्क बुडत नाही. त्याने त्यावर सही केलेली नसते. गिऱ्हाइकाकरिता २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. पावती न देणे, सदोष माल बिलातील मुदतीत, व मुदत लिहिलेली नसल्यास ३० दिवसांत, परत न घेणे आणि विश्वासाने दिलेली खाजगी माहिती दुसऱ्यास सांगणे, या साऱ्या त्यात अनुचित प्रथा ठरल्या आहेत. उत्पादकाच्या हमीपलीकडे विक्रेत्याने स्वतःच्या तोंडाने हमी दिली, वस्तू तिला उतरली नाही आणि त्यातून हानी झाली, तर ती भरून देण्याचा भार विक्रेत्यावर येऊ शकतो. शब्द स्वस्त नसतो, तो असा.

याशिवाय, दुकानाऐवजी विक्रेत्यांच्या जाळ्यातून माल खपवणाऱ्या कंपन्यांसाठी डिसेंबर २०२१ मध्ये थेट विक्रीचे नियम झाले. त्यांनुसार विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ वा संमती घेतल्याशिवाय कोणाच्या घरी जाऊ नये. आरंभीच आपण कोण, कोणत्या कंपनीचे व कशासाठी आलो, ते सांगावे. किंमत, परतीच्या अटी, हमी व दुरुस्तीची सोय समजावून द्यावी. मागणीपत्रकावर मागणी रद्द करण्याचा, विकण्याजोगा माल परत करून पूर्ण पैसे घेण्याचा हक्क लिहिलेला असावा. ‘आणखी चार गिऱ्हाइके आणा, तुमचे पैसे सुटतील’ असे आमिष दाखवू नये. विक्रेत्यांच्या विक्रीतून उद्भवलेल्या तक्रारींना कंपनी जबाबदार आहे. आणि केवळ माणसे जोडून पैसा फिरवण्याचा धंदा तर १९७८ च्या कायद्यानेच बंद केलेला आहे.

कोणी म्हणेल, आमचे दुकान आहे, पगारी मुले आहेत, हे नियम आम्हांस लागू नाहीत. कदाचित नसतीलही, पण २०१९ चा कायदा सुटत नाही. शिवाय ज्या नियमाने गिऱ्हाईक निर्धास्त होते, तो पाळण्यास सक्ती कशाला हवी? दारावर घाईने दिलेला होकार कच्चा असतो, हे ब्रिटनने १९६४ सालीच ओळखले आणि घरी बसून केलेल्या हप्त्याच्या करारातून काही दिवसांत मागे फिरण्याचा हक्क दिला.

आमच्यासमोर आज काही तरुण व्यावसायिक बसले आहेत. घरचे दागिने गहाण टाकून ज्यांनी फ्रँचायझी घेतली, त्यांची ओढाताण आम्ही जाणतो. वरून विक्रीचा आकडा ठरतो, खाली मुले टिकत नाहीत. म्हणूनच त्यांनी मुलाला जिना चढू देण्यापूर्वी काय बोलावयाचे व काय बोलावयाचे नाही, ते लिहून द्यावे. प्रत्येक मागणीची प्रत ठेवावी. तक्रारीची वही दुकानात ठेवावी. हा खर्च वकिलाच्या फीहून थोडा आहे.

आणि गृहिणींनो, वडीलधाऱ्यांनो, पावती मागण्यात संकोच कसला? १९१५ या क्रमांकावर सल्ला मिळतो. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे, म्हणजे ठाण्यास, करता येते. मुदत दोन वर्षांची, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीस शुल्क नाही.

बोहारीण पुन्हा त्याच दारी येत असे. फ्रँचायझीचा मालकही याच गावात राहतो, याच बाजारात भाजी घेतो. पाटी त्याने कंपनीकडून घेतली असेल. त्या पाटीखाली दिलेला शब्द मात्र त्याचा स्वतःचा आहे. तो त्याने पाळावा, एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.