सेरेंगेटीचे माळरान आणि गाईची लस



आफ्रिकेतील अभयारण्य म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे सिंह उभा राहतो. आज मात्र मी गाईची गोष्ट सांगणार आहे.

टांझानियातील सेरेंगेटी हे राष्ट्रीय उद्यान १९५१ साली स्थापन झाले. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १४,७६३ चौरस किलोमीटर आहे. नाव मसाई लोकांच्या भाषेतले. अर्थ, न संपणारे माळरान. दक्षिणेस ज्वालामुखीच्या राखेवर वाढलेले आखूड, कसदार गवत. मधूनमधून गोलसर खडकांच्या टेकड्या. उत्तरेस झाडी आणि मारा नदी. येथे विल्डबीस्ट नावाचे जनावर लाखोंनी फिरते. बैलासारखी शिंगे, घोड्यासारखी शेपटी, बोकडासारखी दाढी, असे त्याचे ध्यान! फेब्रुवारीच्या सुमारास माद्या दक्षिणेस वितात. वासरू काही मिनिटांतच उभे राहते. गवत वाळले, की कळप उत्तरेची वाट धरतात आणि मगरींनी भरलेली मारा ओलांडतात.

१८९० च्या सुमारास या मुलखात गुरांची बुळकांडी आली. गुरांबरोबर विल्डबीस्टही मेले. मसाईंचा सारा संसार गुरांवर. गुरे गेली, तशी माणसेही उपासमारीने गेली. पुढे कित्येक वर्षे हा रोग गुरांकडून रानातल्या वासरांना होतच राहिला.

१९५० नंतर आसपासच्या गुरांना लस टोचण्यात आली. रानातल्या जनावरांना सुई लागली नाही, तरी त्यांच्यातला रोग हटला. १९६१ साली अडीच लाखांच्या आसपास असलेले विल्डबीस्ट १९७७ पर्यंत १३ लाखांवर गेले. एवढी तोंडे चरू लागल्यावर वाळके गवत कमी उरले, म्हणून वणवे कमी झाले. वणवे कमी, म्हणून रोपे जगली. लस टोचली गाईला आणि वाढली झाडे!

परंतु भगिनींनो, त्याच सुमारास, १९५९ साली, उद्यानात राहणाऱ्या मसाईंना गुरांसह बाहेर, शेजारच्या न्गोरोंगोरोकडे जावे लागले. तेथेही त्यांच्या राहण्यावरून अलीकडे पुन्हा वाद झाले आहेत. मसाईंमध्ये घर बांधते ती बाई, शेणामातीने लिंपते ती बाई, आणि गाय दोहते तीही बाईच. स्वतः लिंपलेले घर सोडताना काय वाटते, हे अंगण सारवलेल्या आपल्यातील वडीलधाऱ्या बायकांना मी काय सांगावे?

बुळकांडीविरुद्ध आपल्या देशातही १९५४ पासून मोठी मोहीम चालली, आणि २०११ साली सारे जग या रोगातून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. गोठ्यातली गाय सुखी, तर रानातले जनावर सुखी, हे सेरेंगेटीने दाखवून दिले. मग त्या गोठ्याच्या धनिणीलाही त्या सुखात वाटा मिळावा, एवढेच माझे मागणे आहे.