संगणक कक्षातली माझी चूक

(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



संयोजकांनी मला ‘तंत्रज्ञानाची वाटचाल’ असा भारदस्त विषय दिला होता. तो बाजूला ठेवते. मला शाळेच्या संगणक कक्षाबद्दल बोलायचं आहे, कारण तिथे तुमचे पैसे आहेत आणि माझी एक चूक.

आपल्या वेळी शाळेत एकच संगणक होता. चपला बाहेर काढायच्या, रांगेने आत जायचं, बघायचं आणि बाहेर यायचं. म्हणून २०१६ मध्ये आपण वर्गणी काढून शाळेला दहा संगणक दिले, तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. त्यांतला एक कार्यालयात गेला, नऊ कक्षात. शिवाय कुणाच्या तरी ऑफिसातून आलेले दोन जुने तिथे होतेच.

दिवाळी २०२२. बाईंनी विचारलं, “अगं, सगळीकडे विंडोज ११ दिसतं. आपल्याला का येत नाही?”

कारण सोपं होतं. मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये विंडोज ११ आणताना अट घातली : इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा नंतरचा हवा आणि टीपीएम २.० हवं. टीपीएम म्हणजे संगणकातल्या गुप्त किल्ल्या सांभाळणारा भाग. आपले संगणक सहाव्या पिढीचे. सेटअप सुरू केला की पडद्यावर ठरलेलं उत्तर : हा संगणक पात्र नाही.

आता इंजिनीअर मुलीला बाईंसमोर कुणी ‘पात्र नाही’ म्हटलं तर ती काय करणार? ही तपासणी दारातच होते. रजिस्ट्रीत एक-दोन नोंदी केल्या की सेटअप ती सोडून देतो. त्यातली एक नोंद तर कंपनीनेच आपल्या मदतीच्या पानावर छापली होती. सोबत इशाराही होता की अशा संगणकाला पुढची अपडेट मिळण्याचा हक्क राहणार नाही. इशारा मी वाचला आणि पुढे गेले. दोन दिवसांत कक्षातले अकराही संगणक विंडोज ११ वर. कार्यालयातल्या भाऊसाहेबांनी मात्र त्यांच्या यंत्राला हात लावू दिला नाही. “शालार्थची कामं आहेत ताई, हे राहू द्या.” मी मनात हसले होते.

मी पुण्याला परतले. दर महिन्याची सुरक्षा अपडेट येत होती, तक्रार नव्हती, म्हणून विसरले.

यंदा मे महिन्यात सहज कक्षात डोकावले. एका संगणकाची अपडेटची यादी उघडली. शेवटची तारीख ऑक्टोबर २०२४. दुसरा उघडला, तेच. अकराही तसेच. मी घातलेल्या २२एच२ आवृत्तीची मुदत ८ ऑक्टोबर २०२४ ला संपली होती. पात्र संगणकाला पुढची आवृत्ती आपोआप मिळते, अपात्राला मिळत नाही. सात महिने आपल्या शाळेची मुलं त्या उघड्या यंत्रांवर इंटरनेट वापरत होती, आणि कुठेही काही बिघडल्यासारखं दिसत नव्हतं. भाऊसाहेबांचं विंडोज १० मात्र व्यवस्थित होतं. त्याला १४ ऑक्टोबर २०२५ पर्यंत अपडेट मिळणार होती. म्हणजे मी सुधारलेले अकरा असुरक्षित आणि हात न लावलेला एक सुरक्षित. त्या दिवशी भाऊसाहेबांच्या टेबलासमोरून जाताना मी मान खाली घातली होती.

पहिला विचार आला, पुन्हा तीच युक्ती करून २४एच२ घालावं. नऊ यंत्रांवर ते चाललं असतं. दोन जुन्यांवर सुरूच होईना. ती कोअर टू ड्युओची. त्या प्रोसेसरला पॉपकाउंट नावाची सूचना येत नाही. एखाद्या संख्येत, अर्थात द्विमान पद्धतीत, किती एक आहेत हे एका दमात मोजणं, एवढंच तिचं काम. नवं विंडोज ती गृहीत धरतं. टीपीएमची अट दारावरची होती, ही घराच्या पायातली. नोंदी बदलून इथे भागत नाही. आणि नऊ यंत्रांचं तरी काय? दर दोन वर्षांनी मी पेनड्राइव्ह घेऊन यायचं? मला रजा मिळाली नाही तर? माझ्या स्वतःच्या जुन्या लॅपटॉपवर मी आजही असंच विंडोज चालवते, पण त्यावर माझी नजर असते. इथे नजर ठेवायला मी नव्हते.

शेवटी अकराही यंत्रांवर लिनक्स मिंट २२ घातलं. त्याला २०२९ पर्यंत अपडेट आहेत, आणि सहावी पिढी आहे की आठवी हे ते विचारत नाही. केरळच्या सरकारी शाळांत मुक्त सॉफ्टवेअर कित्येक वर्षं चालतंय, तेव्हा आपण काही धाडस केलेलं नाही. तरी गोड बोलणार नाही : जुन्या फॉन्टमधल्या प्रश्नपत्रिका उघडताना बाईंना अजून त्रास होतो, आणि पेंट कुठे गेलं म्हणून पाचवीची मुलं आठवडाभर रुसली होती. कार्यालयातल्या विंडोज १० ला एक वर्षाची मुदतवाढ घेतली आहे. भाऊसाहेबांच्या परवानगीने.

कक्षात दाराजवळ खिळ्याला एक वही टांगली आहे. प्रत्येक संगणकासमोर त्याची मुदत कधी संपते ती तारीख आहे आणि महिन्यातून एकदा बाई अपडेट पाहून सही करतात. पहिल्या पानावर ‘अडल्यास संपर्क’ खाली माझा नंबर आहे. खालची ओळ रिकामी आहे. तिथे गावातच राहणाऱ्या कुणाचा तरी नंबर हवा. संगणकातलं फार कळायला नको, तारीख वाचता आली की पुरे. चहानंतर कक्ष उघडा आहे, पेन वहीलाच बांधलं आहे.