कचेरी, कापड आणि कॅमेरा

कापडाच्या जाहिरातींतील एक चित्र सर्वांच्या परिचयाचें आहे. गुळगुळीत टेबल, त्यावर उघडा संगणक, बाजूला कुंडींतील हिरवें रोप. आणि खुर्ची रिकामी असतांना टेबलाच्या कडेवर बसलेली एक तरुणी. अंगावर उत्तम शिवणीचें जॅकेट आहे, हातांत पेन आहे, पण कागद कोठेंच नाहीं. ही बाई कचेरींत कशासाठीं आली, हें तिला ठाऊक नाहीं, छायाचित्रकाराला नाहीं, आणि ज्यानें पैसे मोजले त्या कापडवाल्यानें तर तें विचारलेंहि नाहीं. पाहणारा पान उलटतो. कापड चांगलें असूनहि डोळ्यांत भरत नाहीं, आणि दोष मात्र बिचाऱ्या मॉडेलच्या चेहऱ्याला दिला जातो.

वस्तुतः असला दिवस कॅमेऱ्यापुढें बिघडत नाहीं. तो आठ-दहा दिवस आधीं, योजना करतांनाच बिघडलेला असतो.

फॅशनचें छायाचित्र वाढलें तें बंद स्टुडिओंत. १९११ सालीं एडवर्ड स्टायकेन यानें पॅरिसच्या पॉल प्वारे यांच्या पोशाखांचीं छायाचित्रें घेतलीं. या कलेचा आरंभ पुष्कळ जण तेथूनच मोजतात. पुढें वीस वर्षें बेताबेतानें मांडलेल्या प्रकाशांत स्त्री बहुधा पुतळीसारखी स्तब्ध उभी राहिली. १९३३ सालीं ‘हार्पर्स बझार’ या अमेरिकन मासिकाच्या कार्मेल स्नो यांनीं मार्टिन मुंकाची या हंगेरियन छायाचित्रकाराला पाचारण केलें. हा गृहस्थ खेळांच्या सामन्यांचीं छायाचित्रें काढण्यांत मुरलेला. त्यानें ल्युसिल ब्रोकॉ या तरुणीला लाँग आयलंडच्या किनाऱ्यावर नेलें आणि भर थंडींत, पोहण्याच्या पोशाखावर सैल केप घातलेली असतांना, सरळ धांवावयास लावलें. केप वाऱ्यावर उडाला, आणि कापडाचा हलकेपणा कोणी न सांगतां दिसला. बाईला करावयास कांहीं तरी दिलें, एवढेंच काय तें त्यानें केलें.

किनाऱ्यावर धांवतां येतें. कचेरींत काय करावयाचें? या प्रश्नाचें एक धीट उत्तर १९९२ सालीं न्यूयॉर्कच्या डोना कॅरन यांच्या जाहिरातींत मिळालें. नोकरी करणाऱ्या स्त्रीला सकाळपासून रात्रीपर्यंत उलटसुलट जोडून वापरतां येतील असे मोजकेच कपडे, ही कल्पना घेऊन कॅरनबाईंनीं १९८५ सालीं स्वतःच्या नांवाचे पहिले कपडे बाजारांत आणले होते. सात वर्षांनीं त्यांच्यासाठीं पीटर लिंडबर्ग यानें जी चित्रमाला घेतली तिच्यांत रोझमेरी मॅकग्रॉथा ही मॉडेल अमेरिकेची राष्ट्राध्यक्षा झालेली दाखविली आहे. ती शपथ घेते, गर्दींतून जाते, टेबलाशीं बसून काम करते. अमेरिकन नाण्यांवरील ईश्वरावरच्या विश्वासाचें वचन किंचित् फिरवून तेथें स्त्रियांवरचा विश्वास छापला होता. त्या पदावर तोंवर एकहि स्त्री बसलेली नव्हती, म्हणूनच तें चित्र पाहणाऱ्याच्या मनांत राहिलें. तो सूट किती सुरेख आहे, हें पाहणाऱ्याला मागाहून सुचतें. आधीं ती बाई काय करीत आहे हें कळतें. अर्थात् जाहिरात ती जाहिरातच. असल्या सूटची किंमत साध्या कारकुनी करणाऱ्या अमेरिकन मुलीच्या आवाक्यांतली नव्हती, आणि स्त्रियांवर विश्वास ठेवण्यासाठीं कोणाला दुकानांत जावें लागत नाहीं!

त्याच वर्षीं, ५ मे १९९२ रोजीं, मुंबईंत चर्चगेट आणि बोरिवली यांच्या दरम्यान केवळ स्त्रियांसाठीं लोकलगाडी सुरू झाली. मुंबईच्या कचेरीचा पोशाख समजून घ्यावयाचा तर असल्या गाडींतच पाहावा. गर्दी सोसणारा, घामानें न चिकटणारा, सात-आठ तास खुर्चींत बसूनहि चोळामोळा न होणारा, आणि तरीहि साहेबाच्या खोलींत शिरतांना मान ताठ ठेवणारा तो पोशाख असतो. राष्ट्राध्यक्षेची कल्पना येथें उसनी आणून चालणार नाहीं.

समजा, मुंबईंत सुती जॅकेटें आणि कचेरींत नेसण्याजोगीं पातळें तयार करणारी एखादी उद्योगी बाई आहे. छायाचित्रांसाठीं तिच्यापाशीं एकाच दिवसापुरता पैसा आहे. तिनें प्रथम कॅमेऱ्याची चौकशी करूं नये. एक कागद घ्यावा आणि त्यावर एक-दोन वाक्यें लिहावीं: ही स्त्री हिशेबनीस आहे, मार्चअखेर आहे, संध्याकाळचे सात वाजले आहेत, ताळेबंद उद्यां सकाळीं द्यावयाचा आहे. एवढें लिहिलें कीं अर्धी योजना आपोआप होते. जॅकेट अंगावरून निघून खुर्चीच्या पाठीवर जातें, म्हणजे त्याचें अस्तर दिसतें. बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या जातात. पेन्सिल अंबाड्यांत खोवली जाते. चहाचा पेला निवलेला असतो. प्रकाश भर दुपारचा नसून टेबलावरील दिव्याचा असावा, हेंहि ठरून जातें. आणि खिसा! नोकरी करणारी स्त्री दुकानांत गेल्यावर आधीं खिसा आहे कीं नाहीं तें पाहते. मग चित्रांत तिचा हात खिशांत जावयास नको काय?

जागा खरी कचेरीच असावी. रविवारीं ती मिळूं शकते. मात्र मालकाची परवानगी तोंडी न घेतां लेखी घ्यावी. ज्या तासाला काम करावयाचें त्याच तासाला आदल्या आठवड्यांत छायाचित्रकारानें तेथें जाऊन यावें, कारण फसवणूक होते ती प्रकाशाचीच. पिवळ्या दिव्याचें वर्णतापमान ३,००० केल्व्हिनच्या आसपास असतें, तर दुपारच्या उजेडाचें ५,५०० च्या. दोन्ही एकत्र आले कीं एक बाही पिवळी व दुसरी निळी दिसते, आणि गिऱ्हाईक विचारतें कीं कापडाचा खरा रंग कोणता? यासाठीं छतावरचे दिवे खुशाल मालवावे. ते मालवतां येतच नसतील तर आणखी एक भानगड असते. आपल्याकडील वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, त्यामुळें जुन्या धर्तीची नळी सेकंदाला १०० वेळां मंद-तेज होते. कॅमेऱ्याचा पडदा फार जलद उघडला-मिटला तर चित्रावर काळसर पट्टे येतात. १/५० किंवा १/१०० सेकंद हें प्रमाण बरें. बारीक रेघांच्या कापडावर डिजिटल कॅमेऱ्यांत नसलेल्याच लहरी उमटतात. असलें कापड आधीं तपासून घ्यावें. कांचेच्या भिंतींत छायाचित्रकार स्वतःच डोकावत नाहीं ना, तेंहि पाहावें. टेबलावरील दुसऱ्यांचीं बिलें, नांवें, फोनचे आंकडे झांकून ठेवावे, कारण तीं दुसऱ्याचीं गुपितें आहेत.

सुती कापड एकदां बसलें कीं चुरगळतें, म्हणून उभीं चित्रें आधीं, बसलेलीं नंतर. बुटांच्या तळाला चिकटपट्टी लावली म्हणजे उसने आणलेले बूट कोरे परत करतां येतात. पाठीमागें चिमटे लावून जॅकेट तंग बसविण्याची युक्ति सर्रास चालते. एक-दोन चिमट्यांना कोणी हरकत घेणार नाहीं, पण सहा चिमटे लावून दाखविलेलें जॅकेट विकत घेणाऱ्या कोणत्याच बाईला तसें बसत नाहीं.

राहिली मॉडेल. जिच्यावांचून सारें व्यर्थ, तिचा विचार योजनेंत बहुधा शेवटीं होतो. त्या दिवसापुरती तीच त्या कचेरींतली खरी नोकरदार असते. तिचे तास किती, जेवण केव्हां, कपडे बदलण्यास कडी असलेली खोली आहे काय, सोबतीला एखादी बाई आहे काय, हें आधीं ठरलेलें असावें. जें ठरलें नाहीं तें ऐन वेळीं, दहा माणसांच्या देखत, तिच्याकडे मागूं नये. चित्रें कोठें छापणार, किती वर्षें वापरणार व त्याचे पैसे किती, हेंहि कागदावर यावें. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणें कोणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, तो सांगणाराच ठरतो. तेव्हां कराराचा कागद नसला तर आपला चेहरा पुढें कोठें कोठें लागला, हें पाहत बसण्याची पाळी तिच्यावर येते.

तें मार्चअखेरचें वाक्यहि तिला चार दिवस आधीं सांगावें. तिनें एखादे वेळीं स्वतः कचेरींत काम केलेलें असेल, घरांत कोणी करीत असेल. सातव्या तासाला पाठ कशी दुखते, पाय टेबलाखालीं चपलेंतून कसा निघतो, हें तिला माहीत असेल तर तें छायाचित्रकारापेक्षां अधिक मोलाचें आहे. ठरविलेल्या सहा चित्रांशिवाय सातवें चित्र असतें तें याच जातीचें. काम संपलें म्हणून दिवे मालवूं लागतात, ती उभी राहून पिशवी खांद्याला लावते, एका हातानें मान चोळते. कॅमेरा अद्याप पेटींत गेलेला नसला तर तें मिळतें. जॅकेट त्या क्षणीं जसें दिसतें तसें दिवसभरांत दिसलेलें नसतें.

मग टेबलावरचे कागद पूर्वीं होते तसे लावावे, खुर्ची तिच्या जागीं सारावी, निवलेला पेला धुऊन ठेवावा. सोमवारीं दहा वाजतां त्या टेबलाशीं खरी हिशेबनीस येऊन बसावयाची असते.