हिवाळ्यातील सकाळ आणि चाळिशीनंतरची स्त्री



जो विषय आपल्या घरांत दबक्या आवाजातही निघत नाही, तो आज मी मुद्दाम घेतला आहे. थेरीगाथेत अंबपाली थेरीने म्हातारपणामुळे आपल्या शरीरात झालेले बदल केसांपासून पायांपर्यंत निःसंकोचपणे सांगितले आहेत. मग पाळी जाण्याविषयी बोलताना आपण मान खाली का घालावी?

पाळी जाण्याचे वय साधारण ४५ ते ५५. आपल्या देशात सरासरी ४६-४७. त्याआधीची काही वर्षे इस्ट्रोजेन या संप्रेरकाचे प्रमाण कमी-जास्त होते आणि पुढे ते कायमचे उतरते. अंगातून गरम वाफा निघणे, रात्री घाम येणे, झोपमोड, चिडचिड ही त्याचीच लक्षणे. कोणत्याही काढ्याने किंवा आसनाने ते संप्रेरक पूर्ववत होत नाही, हे प्रथम समजून घ्यावे. परंतु झोप, हाडे आणि मन सांभाळणे आपल्या हाती आहे व त्याची सुरुवात सकाळी होते.

पहिली गोष्ट, उठण्याची वेळ रोज एकच ठेवावी. माथेरानचा डोंगर नेरळच्या पश्चिमेला असल्याने हिवाळ्यात संध्याकाळचे ऊन लवकर डोंगराआड जाते. म्हणून सकाळचा उजेड वाया घालवू नये. तो डोळ्यांना मिळाला की शरीराचे घड्याळ जागेवर राहते आणि रात्री झोप वेळेवर लागते. ज्या भगिनी अंधारातच लोकल पकडतात, त्यांनी उतरल्यावर थोडे अंतर उजेडात चालावे. मात्र ड जीवनसत्त्व कोवळ्या उन्हातून फारसे मिळत नाही. त्यासाठी सुट्टीच्या दिवशी दुपारच्या सुमारास थोडा वेळ उन्हात बसावे.

दुसरी गोष्ट, दहा मिनिटे आनापानसती. श्वासाकडे शांतपणे पाहण्यास पैसा लागत नाही, आणि दिवसाची धावपळ सुरू होण्यापूर्वी मन ठिकाणावर येते.

तिसरी गोष्ट, हालचाल. हाडे म्हणजे बँकेतले खातेच. तिशीपर्यंत त्यात भरणा होतो आणि पाळी गेल्यावर पहिली काही वर्षे रक्कम झपाट्याने निघत राहते. भरभर चालणे, जिने चढणे, खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणे, यांमुळे ती गळती मंदावते. थंडीत सांधे आखडलेले असतात, म्हणून आधी हातपाय हलवून अंग गरम करावे.

चौथी गोष्ट, न्याहारी. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. नाचणीची भाकरी, तीळ, मोड आलेले वाल आपल्या घरचेच आहेत. कडक चहामुळे काहींच्या वाफा वाढतात आणि जेवणासोबत चहा घेतल्यास अन्नातले लोह अंगी कमी लागते.

पाळी थांबून वर्ष झाल्यावर पुन्हा रक्तस्राव झाला, तर मात्र घरगुती उपाय करत बसू नये, तात्काळ डॉक्टरांकडे जावे. तसेच कोणी ‘पिशवी काढून टाका’ म्हटले तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत अवश्य घ्यावे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड भगिनींच्या गर्भाशय शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. सुमारे ८२ हजार स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. पाळीच्या दिवसांत मजुरी बुडते म्हणून तरुण वयातच गर्भाशय गमावण्याची पाळी कष्टकरी स्त्रियांवर आली. अशा शस्त्रक्रियेत बीजकोशही काढले, तर पाळी जाण्याचा त्रास एका दिवसात अंगावर कोसळतो.

आता पुरुष बंधूंना आणि विद्यार्थ्यांना एक विनंती. पाणी भरणे, डबे, चहा हे सर्व एकटीच्या अंगावर असेल तर ती दहा मिनिटे आणणार कोठून? १९२८ साली मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी प्रसूतिसाहाय्याच्या विधेयकाला पाठिंबा दिला. स्त्रीच्या शरीरावर पडणारा भार तिने एकटीने सोसायचा नसतो, हीच त्यामागील दृष्टी होती. तो कायदा झाला. घरातला कायदा आपणच करायचा आहे. उद्या सकाळचा चहा मुलाने ठेवावा आणि आईला अर्धा तास मोकळे सोडावे. विहारात वंदना करणाऱ्या घराकडून एवढी करुणा अपेक्षित आहे.

 भवतु सब्ब मंगलं. जयभीम!