इंजिनकाम झालं, तरी ठकठक कशाची?

आजचा एपिसोड कोडचा नाही, ट्रॅक्टरचा आहे. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हे लिहून देतोय.

तासगावकडं आमची द्राक्षबाग आहे. ओळींमधून मोठा ट्रॅक्टर जात नाही, म्हणून औषध मारायला दोन सिलिंडरचा छोटा डिझेल ट्रॅक्टर आहे. यंदा तो धूर टाकायला आणि ऑइल खायला लागला. फळछाटणीच्या आधी इंजिनकाम करून घेतलं. नवे लायनर-पिस्टन, रिंगा, क्रँक ०.२५ मिलिमीटर ग्राइंड केला आणि नवे शेल टाकले. शेल म्हणजे कनेक्टिंग रॉड क्रँकला जिथं धरतो तिथल्या अर्धगोल पातळ पट्ट्या. शेल आणि क्रँकच्या मधे ऑइलचा थर राहतो आणि त्या थरावर सगळं फिरतं. पार्ट मी पुण्यातून ऑनलाइन मागवले होते, स्वस्त पडले म्हणून.

ट्रॅक्टर चालू केला. धूर गेला, पण दहा मिनिटांत खालून ठक-ठक सुरू झाली. मिस्त्री फोनवर म्हणाले, "नवं काम हाय, चालवा की, बसंल हळूहळू." इकडं पाऊस उघडत नव्हता, डावणीची भीती होती, फवारणी थांबवून चालणार नव्हतं. पप्पा म्हणाले, "आजचा दिवस चालवू या." मी नको म्हणालो. शिवाय मिस्त्रींना फोन करून दोन शब्द जास्तच बोललो. ते पुढं सांगतो.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. इंजिनकामानंतर जड ठोका ऐकू आला, तर "चालवून बघू" ही टेस्ट नाही. शेल गेला तर क्रँक जातो, आणि रॉड तुटला तर ब्लॉक फोडून बाहेर येतो.

मग शोधायचं कसं? आपण बग शोधतो तसंच. आधी बिनखर्चाच्या टेस्ट, आणि एका वेळी एकच बदल.

पहिला प्रश्न, आवाज कधी येतो? थंड इंजिनला जास्त आणि गरम झाल्यावर कमी असेल, तर संशय पिस्टन लायनरवर आपटण्याचा. वरून हलकी टिक-टिक असेल तर आधी टॅपेट बघायचे. गरम झाल्यावर आणि लोड दिल्यावर वाढणारा जड ठोका असेल, तर संशय खालच्या बेअरिंगवर, कारण गरम ऑइल पातळ होतं आणि मधली फट झाकत नाही. आमचा आवाज गरम झाल्यावर वाढत होता. स्लोवर ऑइलचा दिवाही मिणमिणत होता. तो मी बघितला होता, पण वायरिंग असेल म्हणून सोडून दिला.

दुसरी टेस्ट, ऑइलची लेव्हल आणि टॅपेटचा गॅप. दोन्ही बरोबर निघाले.

तिसरी टेस्ट, कुठला सिलिंडर? इंजिन स्लोवर ठेवून एका इंजेक्टरच्या पाइपचा नट किंचित सैल करायचा, म्हणजे त्या सिलिंडरचं डिझेल तुटतं. एक नंबरचा सैल केला, इंजिन लंगडलं पण ठोका तसाच. तो घट्ट करून दोन नंबरचा सैल केला, आणि ठोका जवळजवळ गेला. म्हणजे भानगड दोन नंबरमध्ये. इथं सावध राहा. टायरमध्ये साधारण २ बार हवा असते, इथं शेकडो बारचं प्रेशर असतं. ती धार कातडीतून आत शिरते. हातमोजे, चष्मा घाला आणि चिळकांडीसमोर हात कधीच नेऊ नका. जमत नसेल तर माणूस बोलवा.

चौथी टेस्ट मला सगळ्यात आवडली. खराब इंजेक्टरसुद्धा असाच ठोका देतो. म्हणून दोन्ही इंजेक्टर आपापसांत बदलले, खाली नवे तांब्याचे वॉशर टाकले, लाइनमधली एअर काढली. ठोका एक नंबरला गेला असता तर दोष इंजेक्टरचा. पण तो दोन नंबरलाच राहिला. आता चेंबर उतरवणं भाग होतं.

रविवारी मिस्त्री आले. माझ्याशी फारसं बोलले नाहीत. चेंबर उतरवलं, दोन नंबरच्या रॉडची कॅप सोडली, शेल काढून पुसला आणि त्याची पाठ माझ्यासमोर धरली. त्यावर एसटीडी असा शिक्का. स्टँडर्ड साइज! एक नंबरच्या शेलवर ०.२५. क्रँक ग्राइंड केलेला, म्हणजे दोन्हीकडं ०.२५ चेच जाड शेल हवे होते. मोबाइलवर ऑर्डर उघडली. दोन पाकिटं, दोन वेगळ्या साइज. निवडल्या होत्या मीच.

जिथं केसाएवढी फट हवी, तिथं पाव मिलिमीटर जास्त फट होती. त्या फटीत रॉड आपटत होता.

मी म्हणालो, "काका, चूक माझी. त्या दिवशी उगाच बोललो." ते म्हणाले, "मी पन बसवताना पाठ बघाय पायजे हुती." विषय तिथंच संपला.

थोडाच वेळ चालवल्यामुळं क्रँक वाचला. मायक्रोमीटरनं मोजून खात्री केली. तालुक्यातून ०.२५ चा शेल आणला, टॉर्क रेंचनं कॅप आवळली. तिसऱ्या दिवशी पहाटे पप्पा फवारणीला गेले. नुसता डिझेलचा फट-फट आवाज, ठोका नाही.

मी सगळं तपासलं, फक्त मी स्वतः आणलेले पार्ट सोडून. संशयितांची यादी कराल तेव्हा त्यात पहिलं नाव स्वतःचं लिहा. आणि शेल बसवण्याआधी उलटा करून शिक्का वाचा, पाच सेकंद लागतात.

तुमच्या घरच्या इंजिनाचा असा काही किस्सा असेल तर व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!